निळ्या खुणेची गाय

बिरदेव रूपनवर ज्या घरात जन्मला त्या घराला किळस परवडण्यासारखी नव्हती. लोणी भापकरच्या माळावर त्याचे बालपण गेले ते मेंढरांच्या लेंड्यांत, भिजलेल्या लोकरीच्या उग्र दर्पात आणि अडलेल्या मेंढीची सुटका करताना कोपरापर्यंत रक्ताने माखणाऱ्या आजोबांच्या शेजारी. जखमेतले किडे तो सहज चिमटीने वेची. असा मनुष्य अडतिसाव्या वर्षी, बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतल्या थंडगार, निर्मळ खोलीत संगणकासमोर बसला असता मळमळून उठतो, बाहेरच्या नळाखाली डोके धरतो, आणि हे सारे एका सुबक वाटोळ्या चित्राकडे पाहून घडते, याचा उलगडा प्रथम त्याचा त्यालाही झाला नाही.

चित्र गाईचे होते. दीड वर्ष खपून ते त्यानेच हजारो लोकांच्या डोळ्यांसमोर आणले होते.

बिरदेव ‘कऱ्हाकाठ पशुआहार’ या कारखान्यात संगणक सांभाळत असे. गाईम्हशींचे खाद्य बनवणारा हा कारखाना चिंतामणरावांनी उभा केला. सत्तरी उलटलेले चिंतामणराव तसे लाघवी गृहस्थ. पण कागद उलटताना बोट जिभेला लावण्याची त्यांना खोड होती, आणि मोबाइल हाती आला तेव्हा ती खोड मोबाइललाही जडली. ओल्या बोटाने काच पुसत पुसत ते बातम्या वाचीत आणि मग तोच मोबाइल ‘बघ रे, अडकलाय’ म्हणून बिरदेवपुढे करीत. बिरदेव तो मुकाट्याने सदऱ्याला पुसून घेई. कारखान्यातली किळस त्या काळी एवढीच होती. कारभार खरा चालवीत असे ती चिंतामणरावांची सून विनया: सुविद्य, मोजके बोलणारी, आवाज कधीही न चढवणारी.

या कथेचा आरंभ मात्र भवानीनगरच्या दादासोंपासून होतो. दादासो हे कारखान्याचे जुने विक्रेते. साखर कारखान्याच्या रस्त्यावर त्यांचे खाद्याचे दुकान. एके दिवशी त्यांना कारखान्याच्या नावाने एक ईमेल आली. विक्रेतेपण नव्याने नोंदवा, सोबतचा अर्ज भरा, अनामत पाठवा. दादासोंनी भरला, पाठवली. ईमेल लबाडाची होती. महिन्याभराने खरा प्रकार कळला तेव्हा दादासो बारामतीला आले आणि थेट संगणकाच्या खोलीत शिरले.

‘‘बिरदेवराव, पत्रावर तुमचंच नाव, तुमचाच पत्ता, खाली मालकाचं नावबी. आन् आता मालक म्हणत्यात, पत्र आमचं न्हाईच. मंग मी वळखायचं कसं? वास घिऊन?’’

‘‘दादासो, ईमेलला वास नसतो.’’

‘‘हाय की! आता येतुया. तवाच न्हाय आला.’’

बाहेरचे कारकून हसले. बिरदेवला हसू आले नाही. वळखायचं कसं, हा प्रश्न त्याच्या घराण्याचा होता, आणि त्याच्या घराण्याने त्याचे उत्तर शोधून ठेवलेले होते.

रूपनवरांच्या कळपाची खूण म्हणजे डाव्या कानाच्या शेंड्याला एक त्रिकोणी काप. पाणवठ्यावर चार कळप मिसळले तरी सिद्धू आबा, म्हणजे बिरदेवचे आजोबा, कानावरून नुसते बोट फिरवून आपली मेंढी वेगळी काढीत. एवढे तर पुष्कळ मेंढके करतात. पण या घराची रीत याच्याही पलीकडे गेली होती. मेंढी विकताना विकणाऱ्याने तो कापलेला कान मुठीत धरायचा आणि घेणाऱ्याला तिचे सारे दोष मोठ्याने सांगायचे: ही पुढच्या पायाने अधू आहे, हिने गेल्या खेपेला पिल्लू टाकले, हिरव्या पाल्याने हिचे पोट फुगते. कान हातात असेतो असत्य बोलायचे नाही. एकदा बिरदेवच्या चुलत्याने एका मेंढीचा खोकला लपवला, तर आबांनी कान कापायची सुरी त्याच्या हातून कायमची काढून घेतली. तो चुलता मरेपर्यंत कळपामागून चालला, कळपापुढे कधी चालला नाही. सत्याचे निरूपण करताना शास्त्रकारांनी प्रकरणेच्या प्रकरणे रचली. सिद्धू आबांचे सारे सत्यप्रकरण मुठीतल्या त्या बोटभर कातड्यात सामावले होते.

कळप गेला, माळाला पाणी आले, रूपनवर शेतीला आणि नोकरीला लागले. पण ती मूठ बिरदेवच्या मनातून गेली नव्हती. ईमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी कंपनीचा लोगो, आणि त्याशेजारी पडताळणीची निळी खूण दिसण्याची सोय आता झाली आहे, असे वाचताक्षणी त्याला कानाचा काप आठवला, आणि तो विनयाकडे गेला.

‘‘लोगो दिसेल?’’ तिने विचारले. ‘‘प्रत्येकाच्या इनबॉक्समध्ये? पत्र उघडण्याआधी?’’

‘‘हो मॅडम. आणि दुसऱ्या कुणाला तो लावता येणार नाही.’’

‘‘करा,’’ ती म्हणाली. दादासोंचे नावही त्या संभाषणात निघाले नाही, हे बिरदेवच्या ध्यानात फार उशिरा आले.

काम व्रतासारखे होते. प्रथम जगाला जाहीर करायचे, की आमच्या नावाने पत्र धाडण्याचा अधिकार अमुक यंत्रांनाच आहे. मग प्रत्येक पत्रावर डोळ्यांना न दिसणारी मोहोर उमटवायची. मग सक्त आज्ञा द्यायची, की मोहोर नसलेले आमच्या नावाचे पत्र कुणाच्याही दारातून परत फिरवा. एवढी शुचिता सिद्ध झाली म्हणजे बोधचिन्हाचा विचार. ते कायद्याने नोंदलेले हवे, आणि नोंदीत आहे तसेच, रेषेला रेषा जुळणारे हवे. इथे विघ्न आले. नोंदीतली गाय डावीकडे तोंड करून उभी होती. पुढे कुणा वास्तुज्ञाने सांगितले, की लक्ष्मी दाराबाहेर निघाली आहे. तेव्हापासून पोत्यांवरची गाय उजवीकडे वळली होती.

‘‘म्हणजे आता माझी गाय पुन्हा उलटी फिरणार?’’ चिंतामणराव कळवळले.

‘‘फक्त ईमेलमध्ये, साहेब.’’

‘‘ईमेलला दार कुठल्या दिशेला असतं?’’

‘‘तिला दारच नसतं.’’

‘‘मग फिरू दे,’’ असा निवाडा झाला.

प्रमाणपत्र देणाऱ्या परदेशी संस्थेतली एक बाई एके दिवशी व्हिडिओवर प्रकट झाली. तिने चिंतामणरावांना ओळखपत्र चेहऱ्याशेजारी धरायला सांगितले. ‘‘अहो, सगळी बारामती मला ओळखते!’’ ते मराठीतच म्हणाले. ‘‘साहेब, ती बारामतीला ओळखत नाही,’’ असे बिरदेव पुटपुटला, तेव्हा त्यांनी ओळखपत्र उचलले, सवयीने बोट जिभेला लावून ते पुसले आणि गालाशी धरले. बाईने क्षणभर डोळे मिटून घेतले. मग पडताळणी पूर्ण झाली असे सांगितले.

आणि ती गाय दिसू लागली. इंदापूरपासून मोरगावपर्यंत ज्यांच्या ज्यांच्या मोबाइलवर कारखान्याचे पत्र जाई, त्यांना आधी वाटोळ्या चौकटीत डावीकडे पाहणारी गाय दिसे, आणि नावावर बोट ठेवताच निळी खूण. पेढे वाटले गेले. बिरदेवला गावोगाव पाठवण्यात आले. भवानीनगरला दादासोंच्या दुकानासमोर दूधउत्पादक जमले होते. बिरदेव पडद्यावर गाय दाखवून बोलला. प्रमाणपत्राचा कागद त्याने प्रामाणिकपणे वाचूनही दाखवला; त्यात लिहिले होते, की ही खूण पाठवणाऱ्याची ओळख पटवते. पण पुढचे वाक्य कागदात नव्हते. ते त्याच्या मुठीतून आले.

‘‘ही गाय दिसली, की पत्रात जे लिहिलंय ते डोळं झाकून खरं माना.’’

दादासोंनी मान डोलावली. ‘‘गाय तर दावली. आता दूध कवा देती बघू.’’

लोणी भापकरला त्याच्या चुलतीच्या अंगणात तो हेच बोलला. आक्काबाई ही त्या सुरी गमावलेल्या चुलत्याची विधवा. तिच्याकडे अकरा गाई. पत्रे वाचायची ती सून स्वराली. आक्काबाईने मोबाइल लांब धरून, डोळे बारीक करून गाय पाहिली.

‘‘मंजी कान बघून वळखायचं.’’

‘‘व्हय काकी. तसंच.’’

‘‘आन् कान धरून बोलायचं.’’

‘‘तसंच की,’’ बिरदेव म्हणाला. आपण आबांची रीत एका निर्जीव यंत्रात पुन्हा जिवंत केली, असे त्या भोळ्या मनुष्याला वाटले. खुणेचा अर्धाच भाग यंत्रात उतरला होता. कापलेला कान आला होता. तो धरणारी मूठ मागेच राहिली होती, आणि या फरकाकडे दुसऱ्या कुणाचे नाही तरी रूपनवरांच्या नातवाचे लक्ष जायला हवे होते.

दिवाळीच्या आधी कारखान्यात मक्याच्या गाड्या आल्या. मका ओला होता. वाळवायला जागा नव्हती, की धीर नव्हता, ते देव जाणे; थप्प्या लागल्या, ताडपत्र्या पडल्या, आणि पंधरा दिवसांत गोदामात असा वास सुटला की हमाल तोंडाला उपरणे बांधून आत जाऊ लागले. मक्याच्या दाण्यांवर हिरवट-काळी बुरशी धरली होती. बिरदेवने ती पाहिली. त्याला वाटले, हा मका टाकून देतील. त्या मक्याचे खाद्य झाले. लॉट क्रमांक एकशे बारा.

मार्गशीर्षात लोकांत कुजबुज सुरू झाली. कुठे गाई तोंड फिरवतात, कुठे दूध आटले. मोबाइलवर निनावी संदेश फिरू लागले. एका शुक्रवारी विनयाने बिरदेवला दोन ओळींचा मजकूर दिला: एकशे बारा क्रमांकाच्या लॉटची प्रयोगशाळेत तपासणी झाली असून ते खाद्य जनावरांसाठी पूर्णतः सुरक्षित आहे, अफवांवर विश्वास ठेवू नये.

‘‘सगळ्यांना पाठवा. अफवा निनावी आहेत, आपल्या पत्रावर गाय आहे. लोक आपलंच ऐकतील.’’

प्रयोगशाळेने तपासले म्हणजे झाले, या समाधानात बिरदेवने पत्र पाठवले. तासाभरात स्वरालीचे उत्तर आले: ‘भावजी, गाय दिसली, निळी खूणबी दिसली. आत्याबाई चार दिवस पोती बांधून ठिवून बसल्या हुत्या. आता सोडते म्हणाल्या.’ बिरदेव ते वाचून हसला. त्या हसण्याची त्याला पुढे जितकी शिसारी आली तितकी जखमेतल्या किड्यांचीही आली नसेल.

येणाऱ्या पत्रांसाठीही त्याने कडक पहारा बसवला होता. ज्यांच्यावर मोहोर नाही अशी पत्रे एका वेगळ्या कप्प्यात पडत. त्या केरात चुकून काही चांगले गेले आहे काय, हे तो दर सोमवारी पाही. त्या सोमवारी केरात प्रयोगशाळेचे पत्र होते. बिचाऱ्या प्रयोगशाळेला ना लोगो होता, ना मोहोर. पत्र आठवड्यापूर्वीचे होते. सोबत अहवाल: लॉट एकशे बारा, बुरशीचे विष मर्यादेच्या चौपट, जनावरांना देऊ नये.

खरे पत्र उकिरड्यात पडले होते, आणि खोटे पत्र मुकुट घालून घरोघर गेले होते. बिरदेवने नजर उचलली, पडद्यावरची वाटोळी गाय पाहिली, आणि त्याच वेळी तो नळाकडे धावला.

तोंड पुसून तो विनयाकडे गेला. चिंतामणरावही तिथेच बसले होते. त्याने अहवाल पुढे ठेवला.

‘‘हा केरात पडला होता मॅडम. तुमच्यापर्यंत आला नसणार.’’

विनयाने कागदाकडे पाहिलेही नाही. ‘‘त्यांचा फोन आला होता. त्याच दिवशी.’’

‘‘मग शुक्रवारचं पत्र?’’

‘‘तपासणी झाली असं लिहिलं. झालीच आहे.’’

‘‘सुरक्षित आहे असंही लिहिलं.’’

‘‘बिरदेव, माल अर्ध्याहून अधिक खपलाय. जनावरं दोन दिवस कमी खातात, मग सावरतात.’’ ती जराही रागावली नव्हती. ‘‘आणि तुमचं काम चोखच झालंय. ती खूण पाठवणाऱ्याची असते, मजकुराची नसते. तुम्हीच कागद वाचून दाखवला होतात ना?’’

चिंतामणरावांनी जिभेला बोट लावले आणि अहवालाचे पान उलटले. मागची बाजू कोरी होती. ‘‘मागे काही नाही,’’ ते म्हणाले आणि कागद परत सरकवला. त्यावर बोटाचा ओला ठसा उमटला होता, आणि बिरदेवला वाटले, की आपल्या दीड वर्षाच्या तपावर उमटलेली खरी मोहोर हीच. गोदामातली बुरशी निदान आपला वास लपवीत नाही. हमालाला ती दारातच सांगते, की तोंड बांध. या खोलीत मात्र अत्तराचा मंद सुवास होता, आवाज मृदू होते, आणि कुणाचेही तोंड बांधलेले नव्हते.

‘‘मॅडम, पत्र मागं घ्या,’’ तो म्हणाला. ‘‘मी हात जोडतो.’’

‘‘आपल्या जागेवर बसा,’’ विनया म्हणाली.

तो जागेवर जाऊन बसला. मनात एकच गोष्ट उरली होती: काकीने सोडलेली पोती. त्याने नवे पत्र लिहिले. चार ओळी. ‘लॉट क्रमांक एकशे बारा जनावरांना घालू नये. शुक्रवारचे पत्र खोटे होते. प्रयोगशाळेचा अहवाल सोबत आहे. बिरदेव रूपनवर, लोणी भापकर.’ ज्या वाटेने शुक्रवारचे पत्र गेले त्याच वाटेने त्याने हेही धाडले. डावीकडे पाहणारी तीच गाय, तीच निळी खूण.

पुढच्या अर्ध्या तासात कारखान्यात फोन खणखणू लागले. विनयाने, आता मात्र चढ्या आवाजात, सर्वांना एकच सांगायला सुरुवात केली: ते पत्र बनावट आहे, कुणा लबाडाने आमच्या नावाने पाठवले आहे. भवानीनगरहून दादासोंचा फोन आला तेव्हा फोनचा आवाज मोठा ठेवलेला होता. साऱ्या कचेरीने तो ऐकला.

‘‘बाईसायेब, बनावट कसं आसंल? निळी खूण हाय की! तुमच्या माणसानं आमच्या दुकानाम्होरं उभं राहून सांगितलंया, दुसऱ्या कुणाला ती लावता येत न्हाय म्हून. मागल्या येळी पत्र तुमचं नव्हतं, मी मानलं. आता हे तुमचंच हाय, हे तुमी माना. पोती धाडतोय माघारी.’’

त्या खुणेने आयुष्यात एवढे एक सत्कर्म केले. ती नाकारता येऊ नये म्हणूनच तर बिरदेवने ती घडवली होती.

दुपारी त्याच्या हाती दुसरे पत्र पडले. ते कागदाचे होते, त्यावरची गाय उजवीकडे पाहत होती, आणि त्यात लिहिले होते, की उद्यापासून येऊ नये. ते त्याने घडी न घालता खिशात कोंबले आणि मोटारसायकल लोणी भापकरच्या वाटेला लावली. मोरगावकडे जाणारी एसटी धूळ उडवीत पुढून गेली. ती धूळ त्याला स्वच्छ वाटली.

गोठ्यात आक्काबाई उकिडवी बसली होती. समोर हरणी नावाची तांबडी गाय मान टाकून उभी, तोंडाला फेस, गव्हाण भरलेली. सोडलेल्या पोत्यांतले खाद्य तिने आणि तिच्या शेजारच्या गाईने सर्वांत जास्त खाल्ले होते. बाकीच्या गाई बऱ्या दिसत होत्या. स्वराली सकाळचे दूध चरवीने गोठ्यामागे ओतत होती. डॉक्टर सांगून गेले होते, की आठवडाभर हे दूध माणसाने पिऊ नये. पांढरा लोट शेणामुतात मिसळून वाहत होता. जन्मभर शेणात वावरलेल्या बिरदेवने त्याच्यावरून नजर काढून घेतली.

‘‘काकी,’’ तो म्हणाला.

आक्काबाईने वर पाहिले नाही. ‘‘शुक्रवारच्या पत्रावर गाय. आजच्या पत्रावरबी गाय. सूनबाईनं दोनीबी वाचून दावली. दोनीकडं कान तुज्याच हातात हुता व्हय रं?’’

‘‘न्हाय काकी. कान कुणाच्याच हातात नव्हता.’’

‘‘मंग पोरा, आमास्नी तसं सांगितलंस कशापायी?’’

तिने शिव्या दिल्या असत्या तर त्याने झेलल्या असत्या. म्हातारी उठली, गुडघ्यावर हात टेकून. तिने बिरदेवचे मनगट धरले, त्याला हरणीजवळ नेले आणि तिचा डावा कान त्याच्या मुठीत दिला. कान तापलेला होता आणि मुठीत हलत नव्हता. त्याला काप नव्हता. गाईंचे कान रूपनवरांनी कधी कापले नव्हते.

‘‘बोल आता. तुजा काका बोलला न्हाय. तू बोल.’’

दूध ओतणारी स्वराली थांबली. बिरदेवने कान घट्ट धरला आणि आबा बोलत तसा, माळावर ऐकू जावे असा बोलला.

‘‘हिनं आमच्या कारखान्याचं बुरशीचं खाद्य खाल्लंया. हिचं दूध आठ दिस प्यायचं न्हाय. हिच्या पोटातलं वासरू राहील का न्हाय, ठाऊक न्हाय.’’

‘‘आजून?’’

‘‘खाद्य इखारी हाय हे मालकांस्नी ठाऊक हुतं.’’

‘‘आजून?’’

त्याने खिशातला कागद चाचपला, मग हात काढून घेतला. हरणीच्या नाकातून गरम, आंबट श्वास त्याच्या मनगटावर येत होता.

‘‘आन् डोळं झाकून खरं माना म्हून सांगत गावोगाव फिरला, तो मी.’’

आक्काबाईने मान हलवली. मग तिने कोपऱ्यातल्या अर्ध्या पोत्याकडे बोट दाखवले, ज्यावर उजवीकडे तोंड केलेली गाय छापली होती.

‘‘ते आदुगर उचल हितनं,’’ ती म्हणाली. ‘‘मंग चहा घे.’’